तळ्याचा ठेका, समुद्राचा कायदा



नागपुरात मच्छीमारांवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली स्थापन झाले, त्याचे मुख्यालय याच शहरात आहे. तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. समुद्रातल्या मासेमारीचे कायदे करणारे विधिमंडळ हिवाळी अधिवेशनाला इथेच येते. एवढे उत्तर पुरेल, पण याहून जवळचे नाते सांगतो. सकाळी आपण नळ उघडतो ते पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पाचे, वर तोतलाडोहाच्या जलाशयातून खाली सोडलेले. ते वापरून झाले की त्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन नागनदीला मिळतो. नागनदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत शिरते, आणि सगळे गोसीखुर्दच्या धरणात साचते. आपल्या शहराच्या वर एक जलाशय आणि खाली एक. दोन्हींच्या काठाने ढीवर, भोई, केवट, गोंड माणसे मासे धरून पोट भरतात. वरचे पाणी आपण पितो आणि खालच्यांच्या जाळ्यात आपली घाण पाठवतो. मच्छीमारांच्या बऱ्यावाईटाशी नागपूरकरांचा संबंध असा थेट आहे.

मच्छीमारांचे कल्याण म्हटले की आपल्याकडे लगेच योजना आठवतात. जाळ्यांवर अनुदान, मत्स्यबीज, बर्फाच्या पेट्या, विमा. त्या हव्यातच. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्याचेही स्वागत करायला हवे. पण गेली काही दशके मच्छीमार समाजांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एक वेगळी गोष्ट सांगत आले आहेत आणि ती मला पटते. घरात काय आहे, हा कल्याणाचा एकच भाग. शेजाऱ्यांशी, व्यापाऱ्याशी, साहेबांशी माणसाचे नाते बरोबरीचे आहे की लाचारीचे, हा दुसरा. आणि आपल्या धंद्याबद्दल त्याला स्वतःला काय वाटते, पोराने तो पुढे चालवावा असे वाटते का, हा तिसरा. या तिन्हींचा निकाल शेवटी एका ठिकाणी लागतो. पाण्याबद्दल निर्णय होतो त्या बैठकीत मच्छीमार असतो का? माझ्या मते बाकीचे सगळे यामागून येते.

आपल्याकडच्या तळ्यांपासून सुरुवात करू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने आपल्या अकलेने आणि घामाने ते बांधले. जमिनीचा उतार डोळ्यांनी ओळखून घातलेल्या त्यांच्या पाळी आजही टिकून आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, ही गोष्ट त्या भागात घरोघरी माहीत आहे. पुढे मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी जमीनदारी, आली, तलाव मालगुजारांच्या नावावर झाले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव म्हणतात.

तलाव कोहळ्यांनी बांधले, शेतकऱ्यांनी धानाला पाणी घेतले, आणि ढिवरांनी त्यातले मासे, शिंगाडे, कमळाचे कांदे काढले. या तिघांचा मेळ पूर्वी गावात बसत असे. तो न्यायाचा होता असा माझा दावा नाही. मालगुजाराची मर्जी सांभाळावी लागे, वेठ होती, आणि ढिवराची पायरी गावात खालचीच होती. पण पाणी कधी सोडायचे, तळात किती ठेवायचे, मासा कधी धरायचा, याचा निर्णय तळ्याच्या पाळीवर होई. आज तो कुठे होतो ते बघा. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, जंगलातले वनखात्याकडे. पाण्यातल्या माशाचा ठेका वेगळ्या कार्यालयातून निघतो. तळ उघडा पडला की त्यावर गाळपेर होते, तिचा हिशेब आणखी कुठे. बेसुमार औषधे फवारून उन्हाळ्यात तळाच्या जमिनीत पीक घेतले जाते आणि पावसाळ्यात ती औषधे त्याच पाण्यात उतरतात. ऑक्टोबरात धान निसवण्यावर आले की शेवटच्या पाण्यासाठी तूम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, उघडतात, कधी कधी तळे रिकामे होईपर्यंत. शेतकऱ्याची गरज खरी आहे. पण ज्या संस्थेने पाच वर्षांच्या ठेक्याची रक्कम भरून त्या तळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडलेली असते, तिला त्या दिवशी कोणी विचारत नाही.

आता बोटुकलीचा विषय निघालाच आहे तर तो जरा सविस्तर सांगतो, कारण ढिवरांच्या घरातला बदल त्यातून चांगला कळतो. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे वाहत्या नद्यांचे मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन घडवून आणले. शास्त्र म्हणून ही फार मोठी गोष्ट होती, आणि देशभरात मत्स्यशेतकरी दिन त्याच तारखेला पाळतात. त्यानंतर देशातल्या तळ्यातळ्यांत हे बीज पोचले. उत्पादन वाढले, सहकारी संस्था उभ्या राहिल्या, बाजारात किलोवर विकता येईल असा मोठा मासा हाती आला. नागपूरच्या भोईपुऱ्यातल्या बाजारात आज जो रोहू-कटला दिसतो तो या शोधाचा वारस.

पण या माशाचे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. मरळ, मांगूर, शिंघी आणि बोटाएवढ्या कितीतरी जाती मामा तलावात आपणहून अंडी घालत होत्या. त्यांना ना बीज लागत होते, ना कर्ज. त्या काठाच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला वाढत, आणि तिथे बायका-पोरे हाताने, टोपल्याने, लहान जाळ्याने मासे धरत. तो मासा घरी कालवणात जाई, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवला जाई, शेजारच्या गावात धानाच्या बदल्यात दिला जाई. या व्यवहाराची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. संस्थेचे सभासद बहुतांशी पुरुष, संस्थेच्या वहीत मोठा मासा, आणि खात्याच्या अहवालात टनांचा आकडा. काठावरचा लहान मासा कमी झाला तेव्हा अहवालात काहीच कमी झाले नाही. बाईच्या हातचे मात्र दोन पैसे गेले, ताटातला मासा गेला, आणि मासे धरणारी होती ती दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाऊ लागली. उत्पादन वाढूनही एखाद्या समाजाचे कल्याण घटू शकते ते असे.

यावरचा एक उतारही आपल्याच भागात सापडला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी गोंदिया-भंडाऱ्याच्या ढिवरांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. कुठल्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो, कोणत्या पक्ष्याला काय लागते, हे ज्ञान ढिवरांकडे होतेच. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींनीही नवेगावच्या मुक्कामात अशाच माणसांकडून रानाची भाषा शिकून घेतली होती. राजनकर यांनी त्या ज्ञानाला कामाला लावले. तळ्यांच्या काठी बेशरम माजली होती. ही बाहेरून आलेली झुडपे इतकी दाट वाढतात की उथळ पाणी माशाच्या उपयोगाचे राहत नाही, आणि नुसती कापली तर पुन्हा फुटतात. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढीवर बायांनी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ती मुळासकट खणून काढली. तळाची घट्ट झालेली जमीन नांगरली. पावसाचे पाणी येऊ लागले तशा दुसऱ्या चांगल्या तळ्यातून आणलेल्या देशी पाणवनस्पती एकेक करून चिखलात लावल्या. पाण्यात उभे राहून रोवणी करायची सवय त्यांना होतीच. काही तळ्यांत देशी मासे परतले, पाखरे आली. आणि पूर्वी सभेच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या बाया ग्रामसभेत बोलायला उठल्या. मला यातले शेवटचे सर्वांत मोलाचे वाटते.

याच तळ्यांवर सरकारी गाळउपशाची यंत्रे येतात तेव्हा काय होते तेही सांगायला हवे. गाळ काढणे चांगलेच, शेताला तो हवा असतो. पण जेसीबीने तळात सरळ खोल खड्डा पाडला की उथळ काठ जातो, वनस्पतींचे कंद जातात, आणि बायांनी काही वर्षे राबून उभे केलेले दोन दिवसांत उचलून ट्रॉलीत पडते. काठाचा कुठला भाग सोडायचा, हे ढिवरांना विचारून खुणा करायला किती वेळ लागतो? अर्धा दिवस.

कायद्याकडे वळतो. आपल्या भागात जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून वाजिब-उल-अर्ज नावाचा दस्त आहे. गावातल्या चालीरीती, पाण्याचे आणि वाटेचे हक्क त्यात लिहिलेले असतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यासाठी कलम १६५ आहे, आणि त्यात मासेमारीच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. वाचणाऱ्याला बरे वाटते. पण पुढची अट वाचा. जी जमीन किंवा जे पाणी राज्य सरकारच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे, ताब्यातले किंवा व्यवस्थेखालचे नाही, तेवढ्यापुरतीच ही नोंद. मामा तलाव १९५१ लाच सरकारचे झालेले. म्हणजे ज्या तळ्यांवर ढिवरांची पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट, नेमकी तीच या कलमाबाहेर. मालगुजार गेला ही मुक्तीच होती, पण ढिवराचा हक्क त्याच दिवशी कागदावरून ओघळून ठेक्यात जमा झाला. हक्क पिढीला मिळतो, ठेका पाच वर्षांना. ठेकेदाराला तळ्याच्या विसाव्या वर्षाची काळजी का असावी?

२००६ च्या वनहक्क कायद्याने एक दार उघडले आहे. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाण्यातले मासे आणि इतर उत्पादने यांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. बांबूबद्दल त्या वाटेने पुष्कळ गावे गेली. तळ्यांच्या बाबतीत त्या कलमाचा वापर फार थोडा झाला, आणि ढीवर भटक्या जमातींत मोडत असल्यामुळे त्यांना तीन पिढ्यांच्या वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांची वहिवाट कोणी लिहूनच ठेवली नाही त्यांनी तो आणायचा कुठून?

आता तोतलाडोह. महाराष्ट्राच्या बाजूचे पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. धरणामुळे उद्यानाच्या आतच मोठा जलाशय तयार झाला, बराचसा मध्य प्रदेशात, उरलेला महाराष्ट्रात. उद्यानातून उठवलेल्या आदिवासींपैकी ३०५ कुटुंबांना मध्य प्रदेशाने मासेमारीचे परवाने दिले. त्याला आव्हान दिले गेले, आणि मार्च १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने अटींसह कायम ठेवले. छायाचित्राचे ओळखपत्र, जाण्यायेण्याची ठरलेली वाट, बेटांवर जाण्यास आणि आग पेटवण्यास मनाई. तो निकाल मला अजूनही शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात वाघ आणि माणूस दोघांनाही पक्षकार मानले गेले. आपल्या बाजूला मात्र असा तोडगा निघाला नाही. तोतलाडोहची वसाहत उठली, मासेमारी बेकायदा ठरली, आणि वर्षानुवर्षे रात्रीच्या अंधारात मच्छीमार आणि वनरक्षक यांची धुमश्चक्री चालत राहिली. यात वनरक्षकाचाही जीव धोक्यात असतो, हे विसरून चालणार नाही.

इथून इटारसीच्या गाडीत बसलात तर पाच-सहा तासांवर तवा धरण लागते. तिथल्या विस्थापित आदिवासींनी १९९६ पासून दहा वर्षे जलाशयाची मासेमारी स्वतःच्या महासंघामार्फत चालवली. मासे धरणे, वजन, बर्फ, विक्री, हिशेब, बंदीकाळाची राखण, सगळे त्यांच्या हाती होते आणि त्यांनी ते नीट केले. २००६ नंतर ठेक्याला मुदतवाढ मिळाली नाही, कारण क्षेत्र व्याघ्रप्रकल्पाचे. म्हणून मी हक्क आणि ठेका यांतला फरक इतका ताणून सांगतो. दहा वर्षांच्या उत्तम कारभारानेही ठेक्याचा हक्क होत नाही.

आता समुद्राकडे येतो. तळ्याला निदान एखादा जुना दस्त सापडतो, समुद्राला सातबारा नाही. पालघर-वसईच्या कोळ्यांनी डोलजाळ्यांच्या कवी, म्हणजे जाळी बांधायचे खुंट, कुणाचे कुठे गाडायचे याच्या हद्दी आपसांत ठरवल्या, त्यांवरून भांडले, पुन्हा ठरवल्या. सरकारच्या नकाशावर ते सगळे मोकळे पाणी. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, त्यापलीकडे केंद्राचा अधिकार. पर्ससीन जाळ्यांची आणि एलईडी दिव्यांवरची मासेमारी या दोन सत्तांच्या फटीतून चालते. १ जून ते ३१ जुलै बंदीकाळ लहान होडीवाला पाळतो आणि ऑगस्टमध्ये त्याच्या वाट्याला काय उरते ते तोच जाणे.

डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवणच्या बंदराची गोष्ट नागपूरकरांना मुद्दाम सांगायला हवी, कारण तिचा पहिला भाग आपल्या एका माणसाने लिहिला. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. नागपूर-वर्ध्याच्या गांधीविचारात वाढलेला हा माणूस. समुद्र त्यांच्या अंगणात नव्हता, पण डहाणूचे वारली, बागायतदार आणि मच्छीमार काय सांगतात ते त्यांनी ऐकून घेतले, आणि १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला प्राधिकरणाने नकार दिला. ३ जानेवारी २०१९ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. पुढे प्राधिकरणाची फेररचना झाली आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने बंदराला अटींसह मंजुरी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव पडायचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झाला. ज्या सातपाटीच्या पापलेटाची ख्याती, ते गाव याच किनाऱ्यावर आहे.

देशाला बंदरे लागतात, हे मला मान्य आहे. पण नुकसानभरपाईची यादी करायला अधिकारी बसतात तेव्हा ते होड्या मोजतात, परवाने मोजतात. मासा सोलून सुकवणारी बाई त्या यादीत सहज बसत नाही. दुसऱ्याच्या बोटीवरचा खलाशी बसत नाही. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातली रेषा ओलांडली गेली की पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, आणि पाड्यावरच्या घरात त्या तारखांची वाट पाहणे सुरू होते. होडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा, आणि कैद खलाशाची.

जगात या विषयावर एक चांगला दस्तऐवज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांत मासळीच्या आधी माणसाचा विचार आहे: वहिवाटीचे हक्क, बायकांचे काम, निर्णयातला सहभाग, आणि गोड्या पाण्यातले मच्छीमारही. ही तत्त्वे आकाराला यावीत म्हणून झटणाऱ्यांत चेन्नईहून काम करणाऱ्या चंद्रिका शर्मा होत्या. ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात त्या होत्या. तत्त्वे त्यांच्या स्मृतीला अर्पण केली आहेत. भारताने या तत्त्वांना पाठिंबा दिला. ती सक्तीची नाहीत, म्हणून आपल्याकडे ती कपाटात आहेत.

नागपूरने काय करावे, हे सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. विधिमंडळ इथे भरते तेव्हा कलम १६५ मधली ती एक अट बदलण्याचे विधेयक कुणीतरी आमदाराने मांडावे. मामा तलावांवरच्या वहिवाटीची नोंद गावोगाव व्हावी, म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी घेऊन, ती माणसे आहेत तोवर. मच्छीमार संस्थांमध्ये मासे धरणाऱ्या आणि विकणाऱ्या बायांना सभासदत्व मिळावे, नवऱ्याच्या नावाशिवाय. इथल्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने पदवीआधी एक पावसाळा एखाद्या तळ्याच्या गावी काढावा, शिकवायला नव्हे, शिकायला. आणि नागनदीच्या शुद्धीकरणाचे जे काम चालले आहे, त्याच्या देखरेखीत कुही आणि पवनी तालुक्यांतले मच्छीमार असावेत. पाणी सुधारले की नाही हे प्रयोगशाळेच्या आधी त्यांना कळते. जाळ्यात जलपर्णी किती अडकते, माशाला वास येतो का, गिऱ्हाईक तो घेते का परत करते, हे त्यांना रोज सकाळी समजते. गोसीखुर्दच्या काठी जलपर्यटनाचे आराखडे होत आहेत. त्या बोटींचे मार्ग आखण्यापूर्वी जाळी कुठे लागतात हे विचारावे.

सभागृहात मासेमारी करणारी काही मंडळी आली आहेत, बायाही आहेत. चर्चेसाठी राखलेला वेळ आधी त्यांना द्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो. प्रश्न माझ्याइतकेच त्यांनाही विचारा.